चौदाव्या दिवसापासूनचे काम : विदर्भाच्या खेड्यात एकल महिलांसोबत उभे राहू इच्छिणाऱ्या नव्या स्वयंसेवकांसाठी

विदर्भातील खेड्यात घरचा कमावता माणूस गेला की तेरवीपर्यंत ओसरी माणसांनी भरलेली असते. सोयरे येतात, पुढारी येतात, कधी एखादी संस्था धान्याची पोती घेऊन येते. चौदाव्या दिवशी ओसरी रिकामी होते आणि त्याच आठवड्यात कृषी केंद्राची उधारी, मायक्रोफायनान्सचा हप्ता आणि जमिनीचा विषय काढणारा भासरा (नवऱ्याचा थोरला भाऊ), असे तिघेही दारात येऊन उभे राहतात. स्वयंसेवकाचे काम या चौदाव्या दिवशी सुरू होते. तिचे नाव सातबाऱ्यावर, शिधापत्रिकेवर आणि पासबुकावर लागेपर्यंत, तिला हवे तेव्हा तिच्यासोबत तलाठी कार्यालयाच्या बाकावर बसणे, असे त्या कामाचे थोडक्यात स्वरूप आहे. वस्तुवाटप त्या मानाने सोपे असते आणि म्हणूनच नवे कार्यकर्ते आधी तिकडे वळतात. मीही वळलो होतो.

जाण्याआधी

पहिल्याच वर्षी आम्ही काही मित्रांनी वर्गणी काढून एका गावात साडीवाटप केले. वीस बायांना मंचावर ओळीने बसवले, नावे पुकारली, फोटो काढले. कार्यक्रम संपल्यावर एका खुर्चीवर घडीही न मोडलेली साडी तशीच पडलेली दिसली. जिची होती त्या आजींना विचारले तेव्हा त्या म्हणाल्या, "मरणाची साडी नाई नेसत मी, बाबू." सगळ्या गावासमोर 'विधवा' म्हणून नाव पुकारले जाणे म्हणजे काय असते, हे आमच्यापैकी कोणाच्याही डोक्यात आले नव्हते. तेव्हापासून मंच, हार, फोटो आणि बॅनर या चार गोष्टी आम्ही कामातून काढून टाकल्या आणि नव्या माणसालाही पहिली सूचना तीच देतो.

गावात जाताना आशाताई, अंगणवाडी सेविका किंवा उमेद अभियानातील बचत गटाची ताई यांच्यापैकी कोणाच्या तरी ओळखीने जावे. कोणत्या घरात काय घडले, घरात तिचे कोण ऐकते आणि कोण ऐकत नाही, हे त्यांना ठाऊक असते. सरपंचांच्या किंवा एखाद्या पक्षाच्या माणसासोबत पहिली भेट होऊ देऊ नये, कारण खेड्यात तुम्ही कोणासोबत आलात यावरून तुम्ही कोणाचे हे ठरते आणि तो शिक्का नंतर पुसत नाही. पुरुष कार्यकर्त्याने एकट्याने तिच्या घरी कधीही जाऊ नये. तुमचा हेतू कितीही स्वच्छ असला तरी तुम्ही मोटारसायकलवरून निघून जाल आणि त्या भेटीची किंमत गावात राहणाऱ्या तिला मोजावी लागेल. संबोधन नात्याचेच असावे: वहिनी, काकू, मावशी, आजी. अर्जाच्या रकान्यात 'विधवा' हा शब्द लिहावाच लागतो, पण बोलण्यात तो कशाला हवा? अनेक संघटना आता 'एकल महिला' म्हणतात आणि परित्यक्ता, घटस्फोटित बायाही त्यात येतात, हे त्या शब्दाचे बळ आहे.

पहिली भेट

पहिल्या भेटीत अर्ज काढू नये, वही उघडू नये आणि माणूस कसा गेला हे विचारू नये. पोलीस, तलाठी आणि पत्रकार यांना तिने ते आधीच अनेकदा सांगितलेले असते. मुले कोणत्या वर्गात आहेत, शेतात काय पेरले आहे, वेचणीला कोण येते, एवढ्या विषयांवर तासभर सहज बोलता येते आणि त्यातूनच घराची सगळी स्थिती कळते. सासू जवळ बसलेली असेल तर तिच्याशीही बोलावे. तिचाही मुलगा गेलेला असतो, हे बाहेरून येणारे सहसा विसरतात.

मृत्यू आत्महत्येने झाला असेल तर एक गोष्ट मात्र त्याच दिवशी पाहावी. घरात फवारणीच्या औषधाचे उरलेले डबे असतील तर घरातल्या विश्वासू माणसाला सांगून ते तिथून हलवावेत. तिला झोप येत नसेल, जेवण जात नसेल किंवा 'आता मी तरी कायले राहू' असे ती म्हणत असेल, तर ते दुःखाचे बोलणे म्हणून सोडून देऊ नये. टेलिमानस या मानसिक आरोग्याच्या सरकारी मदतसेवेचा १४४१६ हा क्रमांक चोवीस तास विनामूल्य असून मराठीतही बोलता येते. आशाताईंना सांगून प्राथमिक आरोग्य केंद्रात दाखवणे हा दुसरा मार्ग आहे. 'स्वतःला सावर, पोरांकडे बघ' असा उपदेश करू नये, कारण पोरांकडे बघूनच तर ती उभी असते.

कागदांची थैली

दुसऱ्या किंवा तिसऱ्या भेटीत, तिने स्वतः विषय काढला की, घरातले सगळे कागद एकत्र काढायला सांगावे. ते सहसा लोखंडी पेटीत, गादीखाली किंवा तुळईला टांगलेल्या प्लास्टिकच्या थैलीत असतात. आधार, शिधापत्रिका, दोघांची पासबुके, सातबारा, आठ-अ (जमिनीचा खाते उतारा), सोसायटीचे कर्ज खाते, मुलांचे जन्मदाखले आणि लग्नाचा काही पुरावा असेल तर तो, एवढे समोर आले की पुढची दिशा दिसू लागते. मूळ कागद तिच्याच घरी ठेवावेत आणि आपण फक्त झेरॉक्स घ्यावी. एकदा मूळ शिधापत्रिका एका सहकाऱ्याच्या बॅगेत राहिली आणि त्या घराचे महिन्याचे धान्य चुकले, त्यानंतर आमच्याकडे हा नियम झाला.

नावातील फरक इथेच पकडावा. आधारवर माहेरचे नाव, पासबुकावर सासरचे, शिधापत्रिकेवर घरात हाक मारतात ते, असा प्रकार निम्म्याहून अधिक घरांत आढळतो आणि सगळे अर्ज त्याच एका गोष्टीवर अडकतात. आधी आधार दुरुस्त करून घ्यावे आणि बाकीचे त्याच्याशी जुळवावे. उलट क्रमाने गेल्यास दोनदा फेऱ्या होतात.

मुदतीच्या गोष्टी

काही कामांना तारखेची मर्यादा असते आणि शोक त्या तारखा ओळखत नाही. मृत्यूची नोंद २१ दिवसांच्या आत विनाशुल्क होते. इथे एक नेहमीचा घोटाळा असतो. विष घेतलेल्या किंवा साप चावलेल्या माणसाला जिल्ह्याच्या रुग्णालयात नेलेले असते आणि मृत्यू तिथे झालेला असतो. नोंद मृत्यूच्या ठिकाणी होते, त्यामुळे दाखला गावच्या ग्रामपंचायतीत मिळत नाही आणि बिचारी बाई ग्रामसेवकाच्या दारात फेऱ्या मारत राहते. दाखल्याच्या चार-पाच प्रती एकदमच घ्याव्यात.

त्यानंतर नवऱ्याच्या बँक पासबुकाची नोंद छापून आणून प्रत्येक ओळ वाचावी. मे किंवा जून महिन्यात ४३६ रुपये कपात दिसली तर प्रधानमंत्री जीवनज्योती विमा आहे आणि २ लाख रुपयांचा दावा करता येतो. २० रुपयांची कपात दिसली तर तो सुरक्षा विमा, म्हणजे अपघाती मृत्यूसाठीचे २ लाख. जीवनज्योतीत पहिल्या ३० दिवसांनंतर मृत्यूचे कारण पाहिले जात नाही, आत्महत्याही त्यात बसते. सुरक्षा विम्यात मात्र आत्महत्या बसत नाही. घरातल्या कोणालाच या कपातीचा पत्ता नसतो, कारण खाते उघडताना बँकमित्राने सही घेतलेली असते आणि विषय तिथेच संपलेला असतो.

मृत्यू अपघाती असेल, म्हणजे वीज पडून, सर्पदंशाने, विहिरीत बुडून, विजेच्या धक्क्याने, रस्त्यावर किंवा फवारणी करताना विषबाधा होऊन, तर गोपीनाथ मुंडे शेतकरी अपघात सुरक्षा सानुग्रह अनुदान योजनेत २ लाख रुपये मिळतात आणि प्रस्ताव ३० दिवसांच्या आत तालुका कृषी अधिकाऱ्यांकडे द्यायचा असतो. यवतमाळ जिल्ह्यात २०१७ साली फवारणीच्या विषबाधेने अनेक शेतकरी-शेतमजूर दगावले, तेव्हापासून हे कारण गावोगाव माहीत झाले आहे. तरी पंचनाम्यात आणि शवविच्छेदन अहवालात ते नेमके लिहिले गेले आहे का, हे पाहावेच लागते. चंद्रपूर-गडचिरोलीकडे वाघाच्या हल्ल्यात मृत्यू झाला असेल तर भरपाई वन विभागाकडून येते आणि तिची कार्यपद्धती वेगळी आहे.

आत्महत्येच्या प्रकरणात जिल्हाधिकाऱ्यांच्या अध्यक्षतेखालील समिती प्रकरण पात्र की अपात्र हे ठरवते. पात्र ठरल्यास १ लाख रुपये मिळतात, त्यातील ३० हजार हाती आणि ७० हजार मुदत ठेवीत. ही रक्कम २००६ सालापासूनची आहे, हे वाचकांनी लक्षात घ्यावे, त्यावर मी आणखी काही लिहीत नाही. शेतजमीन स्वतःच्या किंवा कुटुंबाच्या नावे असणे आणि कर्ज बँक, सहकारी संस्था किंवा परवानाधारक सावकाराचे असणे, हे निकष आहेत. मक्त्याने (भाड्याने) किंवा बटईने (पिकाच्या वाट्यावर) शेती करणारा भूमिहीन, आणि ज्याचे सगळे कर्ज बिनपरवाना सावकाराचे किंवा हातउसने होते असा कास्तकार, इथे गळतो. प्रकरण अपात्र ठरले तर निर्णयाची लेखी प्रत मागावी, कारण वाचावे आणि तलाठ्याच्या अहवालात चूक असेल तर फेरचौकशीसाठी जिल्हाधिकाऱ्यांकडे अर्ज करावा. पात्र की अपात्र या शब्दांवर तिने केलेल्या पंधरा वर्षांच्या संसाराचा निवाडा होत नाही, हेही तिला तेव्हा सांगावे लागते.

जमिनीवर नाव

हा भाग सर्वांत जास्त वेळ खाणारा आहे आणि सर्वांत महत्त्वाचाही. महिला किसान अधिकार मंचाने, म्हणजे मकामने, विदर्भ-मराठवाड्यातील ५०५ शेतकरी आत्महत्याग्रस्त कुटुंबांतील स्त्रियांचे २०१८ साली सर्वेक्षण केले, तेव्हा नवरा कसत असलेल्या जमिनीवर सुमारे ४० टक्के स्त्रियांना हक्क मिळालेला नव्हता. पुढच्या वर्षी जूनमध्ये शासनाने अशा स्त्रियांच्या वारसनोंदी, शिधापत्रिका आणि निवृत्तिवेतन यांसाठी सविस्तर निर्णय काढला. तरी नाव आपोआप लागत नाही.

कायदा अगदी स्पष्ट आहे. १९५६ च्या हिंदू उत्तराधिकार कायद्यानुसार मृताची पत्नी, मुले, मुली आणि आई हे पहिल्या वर्गाचे वारस असून त्यांना समान वाटा मिळतो. तिने पुढे पुनर्विवाह केला तरी आधी मिळालेला वाटा जात नाही. 'पाट लावला की जमीन गेली' हे गावात इतक्या ठामपणे सांगितले जाते की तिचा स्वतःचाही त्यावर विश्वास बसलेला असतो. मुस्लिम पत्नीचा वाटा मुले असल्यास आठवा आणि नसल्यास चौथा असतो. आदिवासी कुटुंबांना हिंदू उत्तराधिकार कायदा लागू होत नाही, तिथे रूढी पाहावी लागते. मात्र २००६ च्या वनहक्क कायद्याखालील पट्टा पती-पत्नी दोघांच्या नावे द्यायचा असल्याने त्यावर तिचे नाव आधीपासून असायला हवे, ते आहे का ते तपासावे.

प्रत्यक्ष प्रक्रिया अशी चालते. मृत्यूचा दाखला, सर्व वारसांची नावे असलेले प्रतिज्ञापत्र आणि आधार घेऊन तलाठ्याकडे वारसनोंदीचा अर्ज द्यावा. तलाठ्याला आता अधिकृतपणे ग्राम महसूल अधिकारी म्हणतात, गावात मात्र तलाठीच म्हणतात. हक्क मिळाल्यापासून ३ महिन्यांच्या आत ही वर्दी द्यावी असे जमीन महसूल संहिता सांगते, पण उशीर झाला म्हणून हक्क बुडत नाही. अर्ज ई-हक्क प्रणालीतूनही करता येतो. त्यानंतर वारस नोंदवहीत नोंद होते, फेरफार (हक्कातील बदलाची नोंद) लिहिला जातो, सर्व संबंधितांना नोटीस जाते, १५ दिवस हरकतीसाठी थांबतात आणि मग मंडळ अधिकारी तो प्रमाणित करतात. अर्जाची तारखेसह पोच घेतल्याशिवाय कार्यालयाची पायरी उतरू नये. २०२५ साली बुलढाणा जिल्ह्यातून सुरू होऊन राज्यभर नेलेल्या 'जिवंत सातबारा' मोहिमेने हे काम बऱ्याच ठिकाणी सोपे केले आहे, आणि मृत खातेदारांची नावे हटवून वारस लावा हे आता तलाठ्याला वेगळे पटवावे लागत नाही.

नवा सातबारा हाती आला की तो वाचावा, फक्त घडी घालून ठेवू नये. तिच्या ऐवजी दिराचे नाव 'एकत्र कुटुंब मॅनेजर' म्हणून लागले असेल तर ती वरवर निरुपद्रवी दिसणारी नोंद पुढे कर्ज, नुकसानभरपाई आणि विक्री या सगळ्याचा कारभार त्याच्या हाती देते. मुले लहान असतील तर त्यांच्या नावापुढे 'अज्ञान पालनकर्ती आई' अशी नोंद हवी.

जमीन हयात सासऱ्याच्या नावावर असेल तर गुंता वाढतो. वडिलोपार्जित असेल तर नवऱ्याच्या हिश्श्याचा हक्क तिला आणि मुलांना सांगता येतो. सासऱ्याची स्वकष्टार्जित असेल तर त्यांच्या हयातीत मालकी मागता येत नाही, पण त्यांच्या पश्चात मृत मुलाची पत्नी म्हणून ती वारस ठरते. इथे लगेच भांडणाला उतरू नये. कित्येकदा सासरा स्वतःच, जावांचे तोंड चुकवून, दोन एकर सुनेच्या नावे करायला तयार असतो, फक्त त्याला विचारायला कोणी बसलेले नसते.

सर्वांत मोठा धोका हक्कसोडपत्राचा. तेरवीच्या आसपास, 'कागदपत्रांसाठी लागते' असे सांगून तिचा अंगठा घेतला जातो आणि तालुक्याच्या दुय्यम निबंधक कार्यालयात तिला ऑटोत बसवून नेले जाते. कोणत्याही कागदावर सही करण्याआधी तो कागद घरी आणायचा आणि कोणाकडून तरी वाचून घ्यायचा, एवढी एकच सवय तिला लागली तरी तुमचे पाच महिने सार्थकी लागले असे समजा. प्रकरण कोर्टात जाणार असेल तर तालुका विधी सेवा समितीकडे जावे. स्त्रियांना उत्पन्न कितीही असले तरी विनामूल्य वकील मिळतो, क्रमांक १५१००. घरातून हाकलून देत असतील तर २००५ च्या कौटुंबिक हिंसाचार कायद्याने तिला राहत्या घरात राहण्याचा हक्क आहे आणि तक्रार संरक्षण अधिकाऱ्याकडे करता येते. तातडीच्या वेळी १८१ ही महिला हेल्पलाइन.

निवृत्तिवेतन, मुले आणि शिधापत्रिका

संजय गांधी निराधार अनुदान योजनेत महिन्याला १,५०० रुपये मिळतात आणि कुटुंबाच्या वार्षिक उत्पन्नाची मर्यादा २१ हजार रुपये आहे. रोजाने वर्षभर निंदण-वेचणी करणारी बाईसुद्धा या मर्यादेबाहेर जाऊ शकते, म्हणून उत्पन्नाच्या दाखल्यासाठी तहसील कार्यालयात किती झगडा करावा लागतो हे अनुभवानेच कळेल. वय ६५ झाले की श्रावणबाळ योजना लागू होते. दारिद्र्यरेषेच्या यादीत नाव आणि वय ४० च्या पुढे असेल तर इंदिरा गांधी राष्ट्रीय विधवा निवृत्तिवेतनाखाली प्रकरण करता येते. त्याच यादीतील घरातील १८ ते ५९ वयाचा कमावता माणूस गेल्यास राष्ट्रीय कुटुंब लाभ योजनेचे एकरकमी २० हजार रुपये मिळतात, आणि हा अर्ज बहुतेक जण विसरतात. लाडकी बहीण योजनेचे पैसे आणि निराधारचे पैसे एकाच वेळी मिळत नाहीत. सेतू केंद्रात कोणी 'दोन्ही लावून देतो' म्हणत असेल तर तिथून उठावे.

मुलांसाठी बालसंगोपन योजना आहे. क्रांतिज्योती सावित्रीबाई फुले यांच्या नावाने चालणाऱ्या या योजनेत वडील गेलेल्या मुलाला १८ वर्षे वयापर्यंत महिन्याला २,२५० रुपये मिळू शकतात. अर्ज जिल्हा महिला व बालविकास कार्यालयात करावा, मंजुरी बाल कल्याण समिती देते. दोन मुले असतील तर ही रक्कम तिच्या स्वतःच्या निवृत्तिवेतनाच्या तिप्पट होते. माझ्या मते नव्या स्वयंसेवकाने आधी याच अर्जावर जोर लावावा.

शिधापत्रिका सासऱ्याच्या नावावर आणि चूल वेगळी, ही स्थिती असेल तर विभक्त शिधापत्रिकेसाठी अर्ज करावा. अंत्योदय कार्डावर महिन्याला ३५ किलो धान्य मिळते आणि विधवा कुटुंबप्रमुख हा त्याच्या निकषांपैकी एक आहे. अमरावती विभाग आणि वर्धा जिल्ह्यातील केशरी कार्डधारक शेतकऱ्यांना धान्याऐवजी खात्यात रोख रक्कम मिळते. ती कोणाच्या खात्यात जाते आहे, हे पाहायला विसरू नये.

सातबाऱ्यावर नाव लागले की पीएम किसानचे आणि नमो शेतकरी योजनेचे प्रत्येकी वार्षिक ६ हजार रुपयेही तिच्या नावे सुरू करता येतात. नवऱ्याच्या खात्यातली मदत बंद होते, तिची नवी नोंदणी आणि फार्मर आयडी करावा लागतो.

कर्ज

वसुलीला येणाऱ्यांसमोर तिला एकच वाक्य पाठ करून द्यावे: 'कागद दाखवा.' वारसाला मृताचे कर्ज वारसाहक्काने मिळालेल्या मालमत्तेच्या मर्यादेतच फेडावे लागते, तिच्या मजुरीतून ते वसूल करता येत नाही. मात्र तिने स्वतः सहकर्जदार किंवा जामीनदार म्हणून सही केली असेल तर गोष्ट वेगळी. मायक्रोफायनान्सच्या अनेक कर्जांना कर्जदाराचा विमा जोडलेला असतो आणि तो उघड केला जात नाही, म्हणून कर्जखात्याचा उतारा लेखी मागावा. बिनपरवाना सावकाराने शेत लिहून घेतले असेल तर २०१४ च्या सावकारी अधिनियमाखाली जिल्हा उपनिबंधक, सहकारी संस्था यांच्याकडे अर्ज करता येतो आणि मागील १५ वर्षांतील व्यवहार त्यात तपासले जातात. अशा प्रकरणात आपण एकट्याने पुढे होऊ नये. तो सावकार त्याच गावात राहतो आणि तीही.

गावातली तिची जागा

कपाळ पुसणे, बांगड्या फोडणे, गरसोळी (काळी पोत) तोडणे, जोडवी काढणे हे सगळे तेराव्या दिवसाच्या आत होऊन गेलेले असते. त्यानंतर महालक्ष्म्यांच्या जेवणाला तिला सवाष्ण म्हणून बोलावणे नाही, लग्नात हळद लावायला नाही, लेकीच्या लग्नातसुद्धा ती मांडवाच्या कडेला उभी. कोल्हापूर जिल्ह्यातील हेरवाड ग्रामपंचायतीने ४ मे २०२२ रोजी या प्रथा बंद करण्याचा ठराव केला आणि त्याच महिन्यात राज्य शासनाने सर्व ग्रामपंचायतींनी तो कित्ता गिरवावा असे परिपत्रक काढले. आपल्या ग्रामसभेतही असा ठराव मांडता येतो आणि मांडावा. पण ठराव झाला आणि दुसऱ्या महिन्यात पुढच्या मयतीला बांगड्या फुटल्याच, असेही मी पाहिले आहे. त्या वेळी हात धरणारी एखादी म्हातारी आधीच तयार असेल तरच ठरावाला अर्थ येतो. म्हणून गावातल्या दोन-तीन वयस्क, मानाच्या बायांशी महिनाभर आधी बोलून ठेवावे. पुरुषांची भाषणे इथे फार उपयोगी पडत नाहीत.

लहान गोष्टींचा परिणाम जास्त होतो. शाळेच्या झेंडावंदनाला तिला पुढे बोलावणे, बचत गटाचे हळदीकुंकू 'सगळ्या बायांचे' म्हणून करणे, अंगणवाडीच्या कार्यक्रमात तिच्या हातून ओटी भरून घेणे. यवतमाळला जानेवारी २०१९ मध्ये भरलेल्या अखिल भारतीय मराठी साहित्य संमेलनाचे उद्घाटन वैशाली येडे या शेतकरी पतीच्या आत्महत्येनंतर उभ्या राहिलेल्या स्त्रीने केले, ही गोष्ट मी अशा बैठकांत आवर्जून सांगतो, कारण 'शुभकार्याला ती कशी चालेल' या प्रश्नाला ते आपल्याच भागातले उत्तर आहे. कुंकू लावावे की नाही हे मात्र तिचे तिने ठरवावे. न लावणाऱ्या बाईला प्रबोधनाच्या उत्साहात सर्वांसमोर कुंकू लावणे हीसुद्धा जबरदस्तीच असते.

मेळघाटात किंवा गडचिरोलीकडे एकट्या राहणाऱ्या बाईवर करणी केल्याचा आळ घेतला जातो. असे काही कानावर आले तर वाट पाहू नये. २०१३ चा जादूटोणाविरोधी कायदा यासाठीच आहे आणि पोलीस ठाण्यात लेखी तक्रार त्याच दिवशी द्यावी.

कमाईचा विषय

शिलाई मशीन देऊ नका, असे मी म्हणत नाही. एवढेच विचारा की त्या गावात आधी किती मशिनी आहेत आणि किती बंद पडल्या आहेत. ज्या बाईला कापसाची वेचणी, बियाण्याची पारख आणि बकरीचे आजार कळतात तिला परक्या धंद्यात उतरवण्यापेक्षा तिच्या दोन एकरांत कपाशीच्या ओळीत तूर आणि थोडी ज्वारी बसेल का, कृषी केंद्राऐवजी गटातून बियाण्याला पैसे मिळतील का, डवरणीला बैलजोडी कोण देईल, हे आधी पाहावे. पूर्व विदर्भात धानाच्या रोवणीच्या वेळी बायांचे गट एकमेकींच्या बांध्यांत काम करतात. त्या गटात तिला पुन्हा घेतले गेले तर मजूर आणि माणसे दोन्ही तिला मिळतात.

हिशेब आणि हद्द

तिचे एटीएम कार्ड, पिन किंवा ओटीपी आपल्याकडे कधीही घेऊ नये, ती स्वतः देत असली तरी. प्रवासखर्च आपला आपण करावा आणि अर्जाचा खर्च तिने केला तर पावती तिच्याच थैलीत ठेवावी. प्रत्येक घरासाठी एक साधी वही असावी: कोणत्या तारखेला कोणत्या टेबलावर काय दिले, कोणी काय सांगितले. काम अडले की ही वहीच कामी येते, कारण २०१५ च्या लोकसेवा हक्क कायद्याखाली अपील करताना आणि माहिती अधिकाराचा अर्ज लिहिताना तारखाच मागितल्या जातात. नव्या माणसाने पहिल्या वर्षी पाच घरांपेक्षा जास्त घरे घेऊ नयेत. पन्नास घरांचे अर्ज भरून एकाचाही पाठपुरावा न करणाऱ्यांना तहसीलचे बाबू चांगले ओळखतात.

पहिल्या दोन-तीन फेऱ्यांत आपण खिडकीशी बोलावे आणि ती शेजारी उभी असावी. त्यानंतर तिने बोलावे, आपण शेजारी उभे राहावे. पुढे आपण बाहेर चहाच्या टपरीवर थांबावे. एकदा एका वहिनींनी मला टपरीवरून उठूच दिले नाही, आत जाऊन फेरफाराची नक्कल स्वतः घेऊन आल्या आणि चहाचे पैसेही त्यांनीच दिले. त्या घरी आता मी वर्षातून दोनदाच जातो: एकदा मे महिन्यात, खात्यात विम्याच्या कपातीपुरते पैसे आहेत का आणि हयातीचा दाखला दिला का हे विचारायला, आणि एकदा दिवाळीनंतर, कापूस घरात आला असतो तेव्हा.